'फिजिक्सचा धडा पाच वेळा वाचा, आपोआप पाठ होईल' म्हणे!

बारावीचं बोर्ड जवळ आलं की दरवर्षी हा मेसेज फिरतो, यंदा तो आमच्या फॅमिली ग्रुपवर ताईनेच टाकला, कारण भाची बारावीला आहे. 'फिजिक्स पाठ करायची टॉपर ट्रिक', आणि खाली पाच मुद्दे: प्रत्येक धडा पाच वेळा वाचा, प्रत्येक फॉर्म्युला एकवीस वेळा लिहा, डेरिव्हेशन ओळन्ओळ घोका आणि न्यूमेरिकल्स ऑप्शनला टाका, तुम्ही 'व्हिज्युअल' (बघून शिकणारे) की 'ऑडिटरी' (ऐकून शिकणारे) ते ओळखून तसाच अभ्यास करा, आणि शेवटची रात्र जागून काढा. त्यावर सगळ्यांचे अंगठे. मग भाचीचा फोन आला, "मावशी, रोटेशनल डायनॅमिक्स चौथ्यांदा वाचतेय, वाचताना सगळं येतं, पुस्तक मिटलं की काहीच नाही." आता मात्र गप्प बसवत नाही.

पाच वेळा वाचण्याचंच आधी बघू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कॉलेजच्या पोरांवर नेमका हाच प्रयोग केला. सगळ्यांना उतारे दिले. एका गटाने चारही वेळच्या बैठकीत फक्त वाचन केलं, म्हणजे सरासरी १४ वेळा उतारा वाचून झाला. दुसऱ्या गटाने एकाच बैठकीत वाचला, साधारण तीन-साडेतीन वेळा, आणि उरलेल्या तीन बैठकांत उतारा समोर न ठेवता जे आठवेल ते कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तर वाचणारे ४० वर आणि आठवून लिहिणारे ६१ वर. मेसेजवाला पाच म्हणतोय, इथे चौदा वेळा वाचूनही पोरं चाळीसवर आपटली! आणि गंमत बघा, आपल्याला पुढे किती आठवेल असं विचारलं तेव्हा जास्त खात्री होती ती या वाचणाऱ्यांनाच.

उतारे फिजिक्सचे नव्हते, साधे माहितीपर होते, हे मान्य. पण भाचीचं चौथं वाचन याहून वेगळं काय सांगतंय? पान ओळखीचं वाटायला लागतं आणि आपल्याला वाटतं की आलं. बोर्डाच्या पेपरात पान समोर नसतं हो.

बरं, पाच मिनिटांचा आकडा वाचणाऱ्यांच्या बाजूने आहे हे नाइलाजाने कबूल करते. एखादा एसआय युनिट किंवा नियमाचं स्टेटमेंट पेपरच्या अगदी आधी डोळ्याखालून घातलं तर तेवढ्यापुरता फायदा होईलही. पण सोळा धड्यांचं पुस्तक हॉलच्या दाराशी उभं राहून वाचणार का?

आता तो न्यूमेरिकल्सचा मुद्दा, हा तर मला नुसता चुकीचा नाही, घातक वाटतो. थिअरीचा पेपर ७० मार्कांचा. दोन मार्कांचे बारापैकी आठ, तीनचे बारापैकी आठ, चारचे पाचपैकी तीन, म्हणजे ऑप्शन भरपूर आहे, तेवढं खरं. पण दहा एमसीक्यू आणि आठ एका मार्काचे प्रश्न, या १८ मार्कांना ऑप्शन नाही आणि छोटी गणितं तिथेही येतात. न्यूमेरिकल्स सोडलीत की बाकीच्या ठिकाणचा ऑप्शन त्यातच संपला, मग नावडतं डेरिव्हेशन आलं तर सोडायची सोय कुठे राहिली? शिवाय फॉर्म्युला डोक्यात बसतो तो वापरूनच. साध्या लंबकाच्या सूत्रात वर L (दोरीची लांबी) की g (गुरुत्वत्वरण), असा घोळ एकवीस वेळा लिहूनही होतो, पण दोरी लांबवली की झोका संथ होतो एवढं माहीत असेल तर L वरच येणार, पाठ करायचं काय त्यात? केशनळीत पाणी किती चढतं त्याचंही तेच, नळी जितकी बारीक तितकं पाणी वर, म्हणजे r, नळीची त्रिज्या, खालीच हवी. टर्मिनल व्हेलॉसिटीत, म्हणजे द्रवात पडणाऱ्या गोळीच्या शेवटी स्थिर होणाऱ्या वेगात, η (द्रवाचा चिकटपणा) खाली का? दाट द्रवात गोळी हळू पडते म्हणून. एक गणित सोडवलं की हे सगळं एकदम तपासलं जातं.

एकवीस वेळा लिहिणं म्हणजे हाताला व्यायाम, तिसऱ्या वेळेपासून पोरं वरची ओळ बघूनच उतरवतात. तोच फॉर्म्युला आज न बघता एकदा, परवा एकदा, पुढच्या आठवड्यात एकदा लिहा. डेरिव्हेशनही तसंच: आधी आकृती, त्यावर बलं दाखवा, मग पुस्तक मिटून पुढच्या पायऱ्या, आणि जिथे अडेल तेवढीच पायरी उघडून बघा. अडलेल्या ठिकाणी लाल खूण करा, उद्या सुरुवात तिथून. चौथं वाचन करण्यापेक्षा याला जास्त त्रास होतो, म्हणूनच कोणी फॉरवर्ड करत नाही.

व्हिज्युअल-ऑडिटरीवर वेळ घालवत नाही. आपापल्या 'स्टाइल'ने शिकवलं की जास्त येतं याला धड पुरावा मिळालेला नाही, आणि रे डायग्राम ऐकून कोण शिकणार सांगा बरं.

राहिली रात्र जागणं. बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल असतं, आणि रात्रभर जागलेलं पोर त्यात शेजारची ओळ वाचून मोकळं होतं, मग फॉर्म्युला बरोबर आणि उत्तर चूक. दिवसा केलेला अभ्यास पक्का व्हायला झोप लागतेच. तेव्हा ताई, त्या रात्री तिला कॉफी नेऊन देऊ नकोस, दहाला दिवा बंद कर. आणि तो मेसेज ग्रुपवरून आधी काढ, काकूंनी पुढे त्यांच्या सोसायटीत पाठवलाय.