वह्या एकत्र तपासल्या तेव्हा

गणिताच्या शिक्षकांनी आठवड्यातून एक तास एकत्र बसावं, ही एका लेखात वाचलेली सूचना मनापासून पटली. मी नववी-दहावीला बीजगणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी आम्ही सातवी ते दहावीचे चौघे जण मुलांच्या वह्या घेऊन बसलो. ३क्ष = १२ याचं उत्तर कितीतरी जणांनी क्ष = ९ लिहिलं होतं. मुलं निष्काळजी नव्हती हो! 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हे आम्हीच त्यांच्याकडून घोकून घेतलेलं. त्यांनी ते प्रामाणिकपणे पाळलं आणि ३ वजा केले. तेव्हापासून चारही वर्गांत एकच भाषा: 'दोन्ही बाजूंना ३ ने भागू', आणि फळ्यावर तराजूचं चित्र. दहावीत दोन चलांची समीकरणं आली की फरक जाणवतो.

जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण शिकवतो आणि बाकीचे मुलं कसा विचार करतात ते बघतात. आम्हाला हे एकदाच जमलं, वेळापत्रकात जागाच नाही. ऑनलाइन माहिती भरण्यात जाणाऱ्या तासांपैकी एक तरी यासाठी राखून द्यावा, अशी मुख्याध्यापकांना कळकळीची विनंती.