शरणपूर रोडवरची ती मुलं

परवा एका घरगुती कार्यक्रमात जेवताना पुतणीने विचारलं, "शरणपूर रोड म्हणतात, मग शरणपूर कुठंय?" मी म्हटलं, तू रोज क्लासला जाताना त्यातूनच जातेस. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे, आपल्या नाशिकात, राहायची. पोरीने पोळीचा घास हातात तसाच धरून ऐकलं. आमचे एक मामा मात्र मठ्ठ्याची वाटी खाली ठेवत म्हणाले, "सोडवलं, शिकवलं, पोटाला घातलं. अजून काय पाहिजे होतं त्यांना?"

पानावर बसून वाद घालायचा नाही, असा आमच्या घरचा नियम आहे. म्हणून इथे घालतो.

आधी थोडी माहिती, कारण नाशिककरांनाही ही गोष्ट फारशी ठाऊक नसते. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या धर्मप्रसारक संस्थेने तेव्हाच्या नाशिकबाहेर ख्रिस्ती वस्ती वसवली, तेच शरणपूर. त्या काळात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं भरून गलबतं अरबस्तानाकडे, इराणच्या आखाताकडे जायची. ब्रिटिश आरमार ती पकडायचं. सोडवलेल्या गुलामांमागे आरमाराच्या लोकांना डोईप्रमाणे बक्षीस मिळायचं, हेही लक्षात असू द्या. मग प्रश्न यायचा, या माणसांचं करायचं काय? काहींना एडनला उतरवलं, काहींना सेशेल्स बेटांवर मळेवाल्यांकडे करारावर बांधून दिलं, काहींना मुंबईला आणलं. मुंबईत त्यांची जबाबदारी पोलिसांवर. कोणी चांगल्या घरात नोकर म्हणून, कोणी मिशनच्या ताब्यात. सरकारी कागदांत या कामाला शब्द आहे 'डिस्पोजल'. म्हणजे विल्हेवाट. आपण जुन्या फायलींची लावतो ती.

शरणपूरला आलेल्या मुलांना सुतारकाम, लोहारकाम शिकवलं, इंग्रजी शिकवलं, बाप्तिस्मा दिला आणि नवी नावं दिली. जेकब वेनराइट. मॅथ्यू वेलिंग्टन. दोघेही मूळचे आफ्रिकेतल्या न्यासा (आजच्या मलावी) सरोवराकडच्या याओ जमातीचे. वेलिंग्टनचं खरं नाव चेंग्विंबे. गोदाकाठी वाढणारा, वेलिंग्टन नावाचा याओ मुलगा! त्याला कोणी विचारलं असेल का, बाबा, तुझं नाव बदलायचं का?

मामांना सांगायचं आहे ते हे. मुक्त झाल्यापासून पुढे या मुलांच्या बाबतीत जे जे ठरलं, ते ते दुसऱ्याने ठरवलं. ठरवणारे दुष्ट होते असं मी म्हणत नाही. शरणपूर चालवणारे विल्यम प्राइस यांनी त्या मुलांसाठी आयुष्यातली कितीतरी वर्षं दिली. पण चांगला माणूस ठरवतोय म्हणून तो निर्णय आपला होत नाही.

१८६५ मध्ये आफ्रिकेतला प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईहून शेवटच्या मोहिमेच्या तयारीला लागला. तेव्हा त्याने नाशिकची नऊ मुलं बरोबर घेतली. पुढच्या वर्षी ही मंडळी न्यासा सरोवराच्या पूर्वेला, मटाका नावाच्या याओ सरदाराच्या गावी पोचली. गोरा माणूस बघायला गर्दी जमलेली. नाशिकच्या मुलांतला एक अब्राहम. त्या गर्दीत त्याला चक्क त्याचा मामा दिसला.

विचार करा. हिंदी सिनेमात इथे गाणं लागलं असतं. अब्राहमने ओळख सांगितली, तेव्हा मामाकडून कळलं की त्याला पळवून विकल्यावर त्याच्या आईला आणि दोन बहिणींनाही अरब व्यापाऱ्यांना विकून टाकलं होतं. मामा म्हणाला, इथेच राहा. दुसऱ्या मामानेही आग्रह केला. लिव्हिंगस्टननेही समजावलं, कित्येक महिने भागेल एवढा माल द्यायचीही त्याची तयारी होती. अब्राहम एकच म्हणत राहिला : जिथे आई नाही, बहीण नाही, तिथे मी कसा राहू?

लिव्हिंगस्टनने रोजनिशीत हे सगळं लिहिलंय. आणि पुढे शेरा मारलाय, की एखादा युरोपियन तिथे जाऊन राहिल्याशिवाय नाशिकची मुलं काही या मुलखात परतणार नाहीत. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. पोरगा सांगतोय आई नाही, आणि साहेबाला वाटतंय साहेब नाही म्हणून.

एक मात्र कबूल करतो. गुलामी कायद्याने मोडली ही छोटी गोष्ट नव्हती. अब्राहमला आता कोणी विकू शकत नव्हतं. १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल. तो मुजरा खऱ्या कामाला होता. पण त्याच अमेरिकेत काय चाललं होतं तेही बघा. १८६५ मध्ये गुलामी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती झाली, त्यात 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून' एवढी फट ठेवली होती. त्याच वर्षी मिसिसिपी राज्याने कायदा केला की काळ्या माणसाकडे जानेवारीत कामाचा लेखी पुरावा पाहिजे. नसेल तर तो भटका, भटका म्हणजे गुन्हेगार, गुन्हेगार म्हणजे दंड. दंड भरता आला नाही, की जो भरेल त्याच्याकडे राबायला जा. भरणारा कोण, हे सांगायला नको. १८९७ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबारच्या सुलतानाने फर्मान काढलं, तिथेही तेच. स्वातंत्र्य मिळेल, पण कोर्टात जाऊन मागायचं, आणि राहायला घर, पोटाला साधन आहे हे दाखवायचं. नाहीतर भटका. मालकांना नुकसानभरपाई होती. जनानखान्यातल्या बायका तर फर्मानातून वगळलेल्याच.

म्हणजे ज्याचं सगळं काढून घेतलं, त्यालाच विचारायचं, तुझ्याकडे काय आहे दाखव!

पुन्हा आपल्या मुलांकडे येतो. लिव्हिंगस्टन १८७३ च्या मे महिन्यात आजच्या झांबियात वारला. बरोबरच्या लोकांनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं. प्रार्थना म्हटली ती नाशिकच्या जेकब वेनराइटने, झाडावर नाव कोरलं तेही त्यानेच. मग लिव्हिंगस्टनचे जुने आफ्रिकन साथीदार चुमा आणि सुसी या दोघांच्या पुढाकाराने तो देह हजारावर मैल चालत, आजारपणं आणि मृत्यू सोसत, किनाऱ्यावर आणला. चेंग्विंबेही त्यात होता. वाटेत भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने सांगितलं, इथेच पुरा. त्यांनी ऐकलं नाही. त्यांच्या आयुष्यातला इतका मोठा, पूर्णपणे त्यांचा स्वतःचा निर्णय मला तरी दुसरा दिसत नाही. किनाऱ्यावर पोचल्यावर ब्रिटिश प्रतिनिधीने देह ताब्यात घेतला आणि यांचे पगार चुकते करून मोकळं केलं. लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीबरोबर चालायला यांच्यातला एकटा जेकब होता, तोही मिशनने तिकीट काढलं म्हणून. चुमा-सुसी नंतर पोचले.

१८७५ मध्ये प्राइस यांनी आजच्या केनियातल्या मोंबासासमोर, सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रियरटाऊन वसवलं. नाव दिलं बार्टल फ्रियर यांचं, जे पूर्वी आपल्या मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. भारतातून दीडशेच्या आसपास आफ्रिकन तिकडे गेले. त्यांना म्हणायचे 'बॉम्बे आफ्रिकन्स'. आफ्रिकेत जाऊनही मुंबईवाले! त्यांनी शाळा चालवल्या, सुतारकी केली. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८८५ मध्ये धर्मोपदेशक झाले. पण गोरा मिशनरी आणि हे, यांच्यातलं अंतर पगारात आणि मानात राहिलंच. सोडवलेल्या गुलामांच्या त्या वस्तीत १८८० च्या सुमारास शिस्तीच्या नावाखाली फटके आणि कोठडी चालायची. गोष्ट चौकशीपर्यंत गेली.

मामा, तुम्ही विचारलंत अजून काय पाहिजे होतं. अब्राहमला आई पाहिजे होती. ते कोणाच्या हातात नव्हतं, मान्य. जोन्सला बरोबरीचा पगार पाहिजे असणार, ते हातात होतं. आणि ज्यांनी मुलं पळवली, विकली, ज्यांच्या मळ्यात ती राबली, त्यांच्याकडून एक पैसा या मुलांना कोणी मिळवून दिला नाही. भरपाई ठरली की ती मालकाची, हे इतकं ठरून गेलेलं की कोणाला खटकतही नव्हतं.

पुतणीने जेवण झाल्यावर अजून एक विचारलं, ती मुलं मराठी बोलायची का? मला सांगता आलं नाही. नाशिकच्या जुन्या घरांत, विशेषतः शरणपूरच्या ख्रिस्ती कुटुंबांत कोणाच्या आजी-पणजीकडून या मुलांबद्दल काही ऐकलं असेल, एखादं नाव, एखादा पदार्थ, काहीही, तर खाली लिहा. तिला दाखवतो.