विश्वास, एजंट आणि चिठ्ठी नेणारा जवान : सुभेदारसाहेबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सुभेदारसाहेब, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. वेगवेगळ्या देशांच्या सैन्यांना एकत्र काम करावं लागतं तेव्हा त्यांच्या संगणकप्रणाली सॉफ्टवेअर एजंटांनी, म्हणजे कुणाच्या तरी वतीने माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या छोट्या प्रोग्रामांनी, जोडता येतील का, यावर मी लिहिलं होतं. तुमचे आक्षेप तीन. ज्याला माहिती द्यायचीच नाही तो एजंट बसवला तरी देणार नाही, अविश्वास काही तारा जोडून जात नाही. दुसरं, लढाईत मध्ये आणखी एक यंत्र घातलं की चुकीला आणखी एक जागा मिळते, त्यापेक्षा चांगला लायझन ऑफिसर, म्हणजे दोन सैन्यांमध्ये दुवा म्हणून बसणारा अधिकारी, बरा. आणि तिसरं, लेखातला प्रयोग एका काल्पनिक देशावर, प्रयोगशाळेत झाला, त्याचं आपल्याला काय? सिग्नल्समध्ये, म्हणजे सैन्याच्या संपर्क शाखेत, २६ वर्षं काढलेल्या माणसाने हे लिहिलंय, तेव्हा आभाराच्या दोन ओळी लिहून मला मोकळं होता येणार नाही.

पहिल्या आक्षेपाबद्दल आधी कबुली. ‘एजंट भागीदारांमध्ये विश्वास निर्माण करतात’ असं एक वाक्य माझ्या लेखात होतं. ते चुकलं, मी काढून टाकलंय. पण ज्या प्रयोगाबद्दल मी लिहिलं त्याची मांडणीच मुळी अविश्वासावर उभी होती, हे मी नीट सांगितलं नाही. ते आता सांगतो.

कोॲक्स, म्हणजे कोअलिशन एजंट्स एक्सपेरिमेंट. डार्पा या अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या कार्यक्रमाखाली साधारण २००० ते २००२ या काळात हा प्रयोग चालला. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा इथले लोक त्यात होते. एडिनबरा विद्यापीठापासून ब्रिटिश संरक्षण संशोधन संस्थेपर्यंत. लाल समुद्राच्या काठचा बिन्नी हा काल्पनिक देश, त्याच्यावरून भांडणारे गाओ आणि अगादेझ हे दोन शेजारी, आणि मध्ये युद्ध टाळायला आलेली संयुक्त राष्ट्रांची फौज, अशी गोष्ट रचलेली होती. यातला गाओ हा अर्धवट भरवशाचा भिडू. त्याला आघाडीत घेतल्याशिवाय चालत नाही आणि त्याच्यापुढे सगळे पत्ते उघडे टाकणंही परवडत नाही. तुम्ही यूएन मिशनवर होतात, असा भिडू तुमच्या ओळखीचा असणार.

आता त्यातला एक प्रसंग जवळून बघा. गाओचा एक एजंट, म्हणजे त्यांच्या वतीने निरीक्षणं पाठवणारा छोटा प्रोग्राम, आघाडीच्या संगणकावर चालायला येतो. सुरुवातीला सरळ वागतो. मग गाओ खोटी माहिती पुढे करायला लागतो, आघाडी ती इतर माहितीशी ताडून बघते आणि लबाडी उघडी पडते. त्यानंतर तोच एजंट संगणकाची ताकद इतकी खायला लागतो की हवाई मोहिमेचं नियोजन करणारी प्रणाली रखडते. एजंट सॉफ्टवेअरच्या ज्या आवरणात चालत होता त्याची रचनाच अशी होती की कुठल्या पाहुण्याने किती प्रोसेसर आणि किती नेटवर्क वापरायचं हे बाहेरून बांधून देता येत होतं. पहाऱ्यावर बसवलेल्या दुसऱ्या प्रोग्रामने हा वापर पाहिला, ठरलेल्या नियमाप्रमाणे गाओच्या एजंटाचा वाटा आपोआप कमी केला, आणि पडद्यासमोर बसलेल्या माणसाने मग तो आणखी खाली आणला. एजंटाला हाकलून दिलं नाही, कारण गाओ अजून आघाडीत होता. फक्त त्याचं पाणी तोडलं.

मला हे फार मोलाचं वाटतं. गाओवर किती भरवसा ठेवायचा हे माणसांनीच ठरवलं. ते ठरलेलं एजंटाच्या आतल्या कोडमध्ये न लिहिता बाहेर नियम म्हणून लिहिलं होतं, म्हणून मोहीम चालू असताना ते बदलता आलं. ज्याला द्यायचं नाही तो देणार नाही, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. मी त्याला एवढंच जोडतो की ‘इतकंच देईन, याच्यापुढे नाही’ असं पक्कं बजावण्याची सोय नसेल तर जो द्यायला तयार आहे तोही देत नाही. दाराला कडी नसलेल्या घरात कुणी पाहुण्याला उतरवून घेत नाही.

लायझन ऑफिसरबद्दल. तो हवाच. पण १४ एप्रिल १९९४ ची उत्तर इराकवरची सकाळ आठवा. कुर्दांच्या संरक्षणासाठी तिथे बहुराष्ट्रीय मोहीम चालू होती. अमेरिकेच्या दोन एफ-१५ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली. २६ माणसं गेली : १५ अमेरिकी, ५ कुर्द, ३ तुर्की, २ ब्रिटिश, १ फ्रेंच. वैमानिकांनी ‘मित्र की शत्रू’ ओळखणाऱ्या यंत्राने विचारलं तेव्हा हेलिकॉप्टरांकडून अपेक्षित उत्तर आलं नाही, कारण निषिद्ध हवाई क्षेत्रात शिरल्यावर वेगळा कोड लावायचा होता आणि हेलिकॉप्टरांवर बाहेरचाच होता. तो नियम हवाई दलाच्या आदेशात होता, हेलिकॉप्टरवाल्यांपर्यंत पोचलेला नव्हता. रेडिओही वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर. वर हवेतून टेहळणी आणि नियंत्रण करणारं अवॅक्स विमान घिरट्या घालत होतं आणि ही हेलिकॉप्टरं त्या भागात आहेत हे त्यातल्या माणसांना कळलेलं होतं. एफ-१५ वाल्यांनी जवळून उडून डोळ्यांनीही पाहिलं, आणि त्यांना ती शत्रूची हिंड हेलिकॉप्टरं वाटली.

साहेब, इथे माणसं कमी नव्हती. विमानांच्या आणि हेलिकॉप्टरांच्या कोडच्या दोन तक्त्यांतला एक कोड जुळत नाही हे मोहिमेच्या आधी ताडून बघायला कुणी नव्हतं. रोज तोच तक्ता बघून माणसाचं मन उडतं. हे काम प्रोग्रामला द्यावं आणि ‘कोड जुळत नाही, उड्डाण थांबवा’ हा निर्णय माणसाकडे ठेवावा, एवढीच माझी मागणी आहे. क्षेपणास्त्राचं बटण एजंटाच्या हातात द्या असं मी कुठेही म्हटलेलं नाही, कधी म्हणणारही नाही. मार्च २००३ मध्ये कुवेतच्या सीमेजवळ अमेरिकेच्या पेट्रिऑट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेने परतणारं ब्रिटिश टॉर्नेडो विमान शत्रूचं क्षेपणास्त्र समजून लक्ष्य केलं आणि आतले दोघेही गेले. यंत्राच्या वर्गीकरणावर विसंबलं की काय होतं हे मला त्यावरून पुरेसं कळतं. तुमची भीती तिथे शंभर टक्के रास्त आहे.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण ती तुमच्याच बाजूची आहे. एजंट निरोप पोचवतो, शब्दाचा अर्थ जुळवून देत नाही. माझं रोजचं काम दोन संस्थांच्या प्रणाली जोडण्याचं. एकदा आम्ही एक हॉस्पिटल आणि एक विमा कंपनी जोडली. दोन्हीकडे ‘डिस्चार्ज’ नावाचा रकाना होता. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने सही केली की तो भरायचा, विमावाल्यांकडे बिल चुकतं झाल्यावर. जोडणी बिनचूक चालली, एकही संदेश हरवला नाही, आणि एक म्हातारे गृहस्थ कपडे घालून, पिशवी मांडीवर घेऊन रात्री साडेनऊपर्यंत लॉबीत बसून राहिले. त्यांच्या सुनेचा फोन मीच घेतला होता. तेव्हापासून नवीन जोडणीच्या पहिल्या दिवशी दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसवल्याशिवाय मी कोडची एक ओळ लिहू देत नाही. सैन्यात ‘संपर्क’ किंवा ‘सुरक्षित’ या शब्दांचे दोन अर्थ निघाले तर त्याची किंमत लॉबीत बसून चुकती होत नाही.

तिसरा आक्षेप, काल्पनिक देशाचा. कोॲक्सचं शेवटचं प्रात्यक्षिक ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेतल्या न्यूपोर्टला नौदलाच्या केंद्रात झालं. त्यात अराबेलो नावाचा नवा देश आयत्या वेळी आघाडीत येतो आणि त्याची पाणबुडीशोधक साधनं बाकीच्यांना जोडून घ्यावी लागतात. ते सॉफ्टवेअर पुढे जसंच्या तसं रणांगणावर गेलं असा माझा दावा नाही. अफगाणिस्तानात कित्येक वर्षं ब्रिटिशांचं संगणकजाळं वेगळं, कॅनडाचं वेगळं, अमेरिकेचं वेगळं होतं. एकाच टेबलावर तीन-तीन संगणक ठेवून माणूस एकावरचं वाचून दुसऱ्यावर टाइप करायचा. २०१० मध्ये अफगाण मिशन नेटवर्क उभं राहिलं ते वरच्या सेनाधिकाऱ्यांनी आग्रह धरला म्हणून, एजंटांमुळे नव्हे. पण त्याची घडण बघा : प्रत्येकाने आपलं जाळं आपल्या ताब्यात ठेवायचं आणि ठरलेल्या दारातून ठरलेलंच सोडायचं. बिन्नीच्या गोष्टीत हेच तपासून पाहिलं होतं.

आपल्याला काय, म्हणता. ६ सप्टेंबर २०१८ ला भारताने अमेरिकेबरोबर कॉमकासा करार केला, तो सांकेतिक संपर्काच्या उपकरणांबद्दलच आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गुरुग्रामला हिंदी महासागराचं माहिती केंद्र सुरू झालं, आणि तिथे मित्रदेशांचे लायझन ऑफिसर बसतात. व्यापारी जहाजांची माहिती प्रणालीतून येते आणि शेजारच्या टेबलावर माणूसही असतो. मला दोन्ही हवं आहे.

पण परक्यांशी जोडणं दूरच, आपलं आपल्याशी जुळलं नाही तर? २७ फेब्रुवारी २०१९, काश्मीरमधलं बडगाम. आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं. ओळख देणारं यंत्र बंद होतं. हवाई दलाचे सहा जण आणि खालचा एक नागरिक गेला. त्या सहांमध्ये नाशिकचे स्क्वाड्रन लीडर होते. त्या दिवसांत मी नाशिकलाच होतो, आणि अंत्ययात्रेच्या रस्त्यावरची गर्दी मी पाहिली आहे. या विषयावर मी चिकाटीने लिहितो त्याचं कारण ते आहे.

शेवटी एक विचारायचं राहिलं. शेजारच्या देशाच्या तुकडीचा सेट तुमच्या सेटशी बोलत नव्हता, म्हणून दोन छावण्यांमध्ये एक जवान चिठ्ठ्या घेऊन धावायचा, असं तुम्ही लिहिलंय. त्या चिठ्ठीत काय लिहायचं नाही हे कोण ठरवायचं? तुम्ही, की वरून आलेला आदेश? आणि मध्येच ते बदललं तर त्या जवानाला कसं कळायचं? सवडीने लिहा. वाट पाहतो.