मानेला झटका देऊन "मणका बसवणाऱ्या" त्या मेसेजला उत्तर

परवा मावशीचा फोन आला. "अगं, तुला मानेचा एक व्हिडिओ पाठवलाय बघ, ह्यांना म्हणतेय मागे उभं राहून तसं करा, पण हे घाबरतायत, तू जरा सांग ना त्यांना." व्हिडिओ अर्धा बघितला आणि लगेच उलटा फोन लावून काकांना सांगितलं की काका, तुम्ही बरोबर घाबरताय, कृपा करून मावशीच्या मानेला हात लावू नका. मावशी रुसली ती रुसलीच. तिला समजावताना जे जे बोलले ते इथे लिहून ठेवतेय, कारण हा मेसेज आता चौथ्या ग्रुपवर दिसलाय आणि प्रत्येक ठिकाणी तेच तेच टाइप करायचा मला कंटाळा आलाय.

मेसेज थोडक्यात असा. मान दुखते म्हणजे मणका जागेवरून सरकलाय किंवा दोन मणक्यांमधली गादी झिजून नस दबलीय. कारण मोबाईल, मान वाकवली की तिच्यावर २७ किलो वजन येतं. चक्कर येते तीही मानेमुळेच. उपाय काय, तर एका हाताने हनुवटी आणि दुसऱ्याने डोक्याची मागची बाजू धरून जोरात झटका द्या, 'कट्' आवाज आला की मणका बसला. उशी फेकून द्या, दिवसभर गळ्यात पट्टा घाला. डॉक्टरकडे जाऊ नका, ते एमआरआय काढायला लावून ऑपरेशन सांगतात. सात दिवसांत मुळापासून बरं.

आधी झटक्याचं बोलू, कारण बाकीचं नुसतं चुकीचं आहे आणि हे धोकादायक आहे.

मानेत सात मणके असतात. त्यातल्या वरच्या सहा मणक्यांना दोन्ही बाजूंना छोटी भोकं असतात आणि त्या भोकांतून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या वर चढतात, सगळ्यात वरच्या मणक्यापाशी त्या वळसा घेऊन कवटीत शिरतात. म्हणजे मान गर्रकन फिरवली की हाडांबरोबर ह्या वाहिन्याही पिळल्या जातात, ताणल्या जातात. कधीकधी त्यात आतला थर फाटतो. कोटाच्या बाहीचं आतलं अस्तर उसवलं की हात अस्तर आणि कापडाच्या मध्येच घुसतो ना, तसं रक्त थरांच्या मध्ये घुसतं, तिथे गुठळी होते, ती पुढे मेंदूत गेली की स्ट्रोक. तोही बहुतेक वेळा तोल, गिळणं, बोलणं सांभाळणाऱ्या भागात. आणि हे लगेच होईल असं नाही, काही तासांनी किंवा काही दिवसांनीही होतं, त्यामुळे तोपर्यंत झटका देणाऱ्याने "बघा काही झालं नाही" म्हणून व्हिडिओ टाकलेला असतो.

हे दुर्मिळ आहे, ते मान्य. रोज लाखो लोक मान मोडून घेतात आणि घरी जातात. पण २०१४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने ह्याच विषयावर सविस्तर निवेदन काढलं होतं, त्यात त्यांनी म्हटलंय की मानेच्या रक्तवाहिनी फाटण्याशी अशा झटक्याच्या उपचारांचा संबंध दिसतो, झटक्यामुळेच झालं असं प्रत्येक वेळी सिद्ध करता येत नाही, पण पेशंटला हा संबंध आधी सांगितला पाहिजे. सिद्ध का करता येत नाही ते ऐकण्यासारखं आहे. काहींची वाहिनी आधीच फाटायला लागलेली असते, त्याचंच पहिलं लक्षण म्हणजे मानदुखी, आणि ती दुखतेय म्हणून माणूस मान मोडून घ्यायला जातो. मला तर हे जास्तच भीतीदायक वाटतं, कारण म्हणजे ज्या मानेला अजिबात हात लावायचा नाही नेमकी तीच मान झटका मागत येते, आणि ते शिकलेल्या डॉक्टरलाही पटकन ओळखता येत नाही तर आमच्या काकांना कुठून येणार?

झटका तर सोडाच, १९९३ मध्ये एका अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने पाच केसेस छापल्या होत्या, ज्यात सलूनमध्ये केस धुताना मान नुसती बेसिनवर मागे टाकून ठेवल्यानंतर स्ट्रोकचा त्रास झाला होता. (म्हणून केस धुणं बंद करू नका, मानेखाली टॉवेल ठेवा आणि फार वेळ तसं पडून राहू नका, बास.)

आणि आमच्या मावशीला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे एक प्रकारचा संधिवात आहे. ह्या आजारात वरच्या दोन मणक्यांना बांधून ठेवणारे लिगामेंट, म्हणजे दोऱ्यांसारखे बंध, सैल पडू शकतात, आणि त्यांच्या मागूनच मज्जारज्जू जातो. हाडं ठिसूळ झालेल्यांचंही तेच, झटका म्हणजे सरळ फ्रॅक्चरला आमंत्रण. मेसेजमध्ये ह्याबद्दल एक शब्द नाही. "सर्व वयोगटासाठी उपयुक्त" असं मात्र आहे!

आता तो 'कट्' आवाज. तो मणका बसल्याचा नसतो. सांध्याच्या आत द्रव असतो, सांधा पटकन ताणला की आतला दाब कमी होऊन त्यात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. बोटं मोडताना एमआरआयमध्ये चित्रण करून २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी हे दाखवलंय. मणका खरोखर जागेवरून सरकला असेल ना, तर माणूस अपघात विभागात असतो, सोफ्यावर बसून मेसेज फॉरवर्ड करत नसतो.

मग झटक्यानंतर बरं का वाटतं? वाटतं, थोडा वेळ खरंच वाटतं, तेवढं मी मान्य करते. सांधा ताणला गेल्यावर आजूबाजूचे स्नायू काही वेळ सैल पडतात. शिकलेल्या माणसाने केलेल्या हाताच्या उपचारांनी तात्पुरता आराम पडतो हेही खरं. पण मानदुखीवरचे सगळे प्रयोग एकत्र करून बघणाऱ्या कॉक्रेन ह्या संस्थेच्या आढाव्यात झटक्याचा उपचार आणि झटका न देता हळूहळू सांधा हलवण्याचा उपचार, दोन्हींचा परिणाम साधारण सारखाच निघाला. हळू करून तेवढंच मिळतंय तर तो झटका कशाला हवाय, हौस म्हणून?

पुढचा मुद्दा, "गादी झिजली, नस दबली". इथे मला एकच अभ्यास सांगायचाय. जपानमध्ये १२११ लोकांच्या मानेचे एमआरआय काढले, विशीपासून सत्तरीपर्यंतचे सगळे, आणि सगळे असे की ज्यांना मानेचा काहीच त्रास नाही. २०१५ मध्ये तो छापून आला. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या गाद्या फुगून बाहेर आलेल्या होत्या. विशीतल्या पोरापोरींमध्येसुद्धा सत्तर टक्क्यांच्या वर. परत वाचा, ह्या लोकांची मान दुखत नव्हती.

म्हणजे उद्या तुमच्या रिपोर्टवर 'डिस्क बल्ज' (म्हणजे हीच फुगलेली गादी) लिहून आलं तर ते बहुतेक सगळ्यांच्याच रिपोर्टवर येईल असं वाक्य आहे, दुखण्याचं कारण तेच असेल असं अजिबात नाही. बहुतेक साध्या मानदुखीत स्नायू, सांधे, झोप, ताण, एकाच पोझिशनमध्ये तासन् तास बसणं असं सगळं मिसळलेलं असतं आणि ते कुठल्याच फोटोत दिसत नाही. पण "तुमची मान झिजलीय" हे एकदा डोक्यात बसलं की माणूस मान हलवायलाच घाबरतो, न हलवल्यामुळे ती अजून आखडते, आणि मग त्याला वाटतं बघा झीज वाढली.

नस कधीच दबत नाही असं नाही. दबते. तेव्हा दुखणं मानेत कमी आणि खांद्यापासून हातात उतरणारं जास्त असतं, ठरावीक बोटांना मुंग्या येतात, कधी हाताची ताकद कमी होते. पण त्यातही अमेरिकेतल्या रोचेस्टरमध्ये अशा ५६१ पेशंटचा काही वर्षं मागोवा घेतला होता, साधारण चौघांत एकाला ऑपरेशन लागलं आणि शेवटच्या तपासणीला ९० टक्के लोकांना त्रास नव्हता किंवा किरकोळ होता. म्हणजे दबलेली नससुद्धा बहुतेकांची निवळते, तिला कोणी मागून उभं राहून सोडवावं लागत नाही.

मोबाईलचे २७ किलो. हा आकडा कुठून आला ते तरी बघा. २०१४ मध्ये एका सर्जनने कॉम्प्युटर मॉडेल करून गणित मांडलं, डोकं ६० अंश वाकवलं तर मानेवर किती भार येईल, उत्तर आलं ६० पौंड. गणित होतं ते, कोणाला दुखतंय का हे त्यात विचारलंच नव्हतं. ज्यांनी विचारलं, ब्राझीलमध्ये १८ ते २१ वयाच्या १५० पोरांना, त्यांना फोन बघतानाची मान आणि मानदुखी ह्यांत संबंध सापडला नाही. मान वाकण्यासाठीच बनलीय. अर्थात दोन तास न हलता रील बघत बसलात तर दुखणारच, ते पुस्तक वाचतानाही दुखेल आणि भाजी निवडतानाही. दर अर्ध्या तासाने उठा, मान फिरवा, झालं. आई ओरडायची ते थोडं बरोबर होतं, किलोचा हिशोब तेवढा जाऊ दे.

चक्कर. ही मात्र मला गंभीर वाटते, कारण कित्येक लोक वर्षानुवर्षं मानेच्या गोळ्या खात बसतात. कुशीवर वळलं, वर बघितलं की घर गरगर फिरतं आणि मिनिटाभरात थांबतं, अशी चक्कर बहुतेक वेळा कानातली असते. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात, ते जागा सोडून भलत्या नळीत जातात. मान हलली की कानही हलतो, म्हणून दोष मानेवर येतो. डॉक्टर डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण परत जागेवर आणतात, एपली नावाच्या डॉक्टरने ही पद्धत १९९२ मध्ये मांडली, अनेकांना एकदोनदा केल्यावरच बरं वाटतं. सावकाश करतात, झटका नसतो, आणि आधी कुठल्या कानाचा दोष आहे ते तपासतात.

पट्टा: साध्या मानदुखीला नको. दिवसभर घालून बसलात तर स्नायूंना काम राहत नाही आणि ते अजून कमजोर होतात. नस दबून हातात कळा येत असतील तर सुरुवातीचे काही आठवडे पट्ट्याने फायदा झाल्याचा एक चांगला डच अभ्यास आहे, पण तो डॉक्टरने सांगितला तर.

उशी: फेकू नका. कुशीवर झोपता तर खांद्याएवढी उंची भरून काढणारी हवी, पाठीवर झोपता तर पातळ. सकाळी उठल्यावर आखडत नसेल तर तीच उशी बरोबर.

"डॉक्टरकडे जाऊ नका." ह्यातलं अर्धं खरं, नाइलाजाने म्हणते. साध्या मानदुखीला पहिल्याच दिवशी एमआरआयची गरज नसते आणि तो उगाच काढला की वर सांगितलं तसं 'बल्ज' सापडून घबराट होते. पण म्हणून जाऊच नका? शर्टाचं बटण लावता येईना, अक्षर बिघडलं, चालताना पाय अडखळायला लागले, लघवीवर कंट्रोल राहिना, तर मज्जारज्जू दबत असू शकतो आणि तिथे महिना घालवणं महागात पडतं. हाताची ताकद कमी होत चालली तरी तसंच. ताप आणि मान ताठ, पडल्यावर किंवा अपघातानंतर मान दुखतेय, छातीत दाबल्यासारखं होऊन मान-जबड्यात कळ येतेय आणि घाम फुटलाय, किंवा आयुष्यात कधी झाली नाही अशी अचानक मानदुखी आणि बरोबर डबल दिसणं, बोबडं बोलणं, पापणी पडणं, तोल जाणं, तर थेट इमर्जन्सीत. आधी कॅन्सर झालेला असेल, वजन कमी होत असेल, रात्री पडून राहिलं तरी दुखणं थांबत नसेल तर त्याच आठवड्यात दाखवा.

राहिले ते सात दिवस. अचानक आखडलेली मान बऱ्याचदा आठवड्याभरात किंवा थोड्या जास्त दिवसांत आपली आपणच सुटते, म्हणून तर असले मेसेज टिकतात, बरं व्हायचं ते होतंच आणि श्रेय झटका घेऊन जातो. तोपर्यंत शेक घ्या, लागली तर डॉक्टरला विचारून साधी वेदनाशामक गोळी किंवा जेल, आणि दुखेल तिथपर्यंतच पण मान हलवत राहा. मुळापासून वगैरे काही नसतं, मानदुखी परत परत येते. ती कमी यावी म्हणून जे खरंच तपासलंय ते म्हणजे व्यायाम. डेन्मार्कमध्ये मान-खांदे दुखणाऱ्या १९८ ऑफिसवाल्यांवर प्रयोग झाला, रबरी पट्टा पायाखाली धरून हात बाजूने खांद्यापर्यंत उचलायचे, आठवड्यात पाच दिवस, एका गटाने रोज १२ मिनिटं आणि एका गटाने रोज फक्त २ मिनिटं. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांचं दुखणं व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा कमी झालं होतं. घरी पट्टा नसेल तर दोन्ही हातात पाण्याच्या छोट्या बाटल्या घ्या, सावकाश उचला, सावकाश खाली आणा. पहिले काही दिवस दंड भरून येतील, त्याने बिघडत नाही, पण कळ हातात उतरायला लागली तर थांबा आणि दाखवून घ्या.