नापासाचा शिक्का मारणाऱ्यांनो

एखादा चित्रपट वाईट आहे असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे; पण तो न पाहता, एका संकेतस्थळावरचा आकडा वाचून, तो पाहू इच्छिणाऱ्या गरोदर बाईला गप्प बसवण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला, हे मला ठाण्यातल्या माझ्या समस्त सुशिक्षित आप्तांना विचारायचे आहे. चित्रपट आहे २०१२ सालचा ‘व्हॉट टू एक्स्पेक्ट व्हेन यू आर एक्स्पेक्टिंग’. अटलांटा शहरातली पाच जोडपी, पाचांच्या घरी मूल येऊ घातलेले, आणि कॅमेरॉन डियाझ, जेनिफर लोपेझ, एलिझाबेथ बँक्स, अ‍ॅना केन्ड्रिक, ख्रिस रॉक अशी नामांकित मंडळी. कासारवडवलीच्या घरी रविवारी संध्याकाळी, सातव्या महिन्याची सूज उतरावी म्हणून पाय उशीवर ठेवून पडले असताना, हा चित्रपट लावू या असे मी म्हणायचा अवकाश, की धाकट्या दिरांनी फोनमध्ये डोके घालून निकाल जाहीर केला, “वहिनी, ‘रॉटन टोमॅटोज’वर पंचवीस टक्केसुद्धा नाहीत. नापास आहे, कशाला दोन तास फुकट घालवता?” बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि क्रिकेटचा जुना सामना लावला, ज्याचा निकाल खोलीतल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक होता.

अहो, ती टक्केवारी म्हणजे दहावीची गुणपत्रिका नव्हे! त्या संकेतस्थळाने गोळा केलेल्या एकूण परीक्षणांपैकी किती परीक्षणे अनुकूल आहेत, एवढेच ती सांगते. शंभरातल्या साठ समीक्षकांनी ‘बरा आहे’ एवढे म्हटले तरी चित्रपट ‘ताजा’ ठरतो, मग त्या साठांपैकी एकालाही तो थोर वाटला नसेल तरी हरकत नसते. पंचविसाच्या आत म्हणजे चारांतल्या तिघांहून अधिक समीक्षकांना तो आवडला नाही. तो किती नावडला, का नावडला आणि ज्या बाईच्या पोटात मूल लाथा मारते आहे तिला तो कसा वाटेल, यांतले काहीही त्या आकड्यात नसते. सुमारे ४ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात ८ कोटींहून अधिक कमावले, म्हणजे तो पाहणारेही पुष्कळ निघाले. पण तो आकडा आमच्या घरात कोणी वाचून दाखवला नाही.

चित्रपट मी नंतर एकटीने पाहिला आणि तो चांगला नाही, हे मी स्वतःच सांगते. हायडी मर्कॉफ यांच्या १९८४ साली पहिल्यांदा निघालेल्या, महिन्यागणिक शंकासमाधान करणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकावरून कथापट करायचा, हीच मुळात विचित्र कल्पना. त्यात ‘व्हॅलेंटाइन्स डे’ आणि ‘न्यू इयर्स ईव्ह’ या चित्रपटांनी नुकतीच वापरून झिजवलेली पद्धत, म्हणजे ओळखीचे चेहरे गोळा करायचे आणि प्रत्येकाला दोन-दोन प्रसंग वाटून द्यायचे. पात्रे फार, खोली कमी, विनोद ठरीव, ही समीक्षकांची तक्रार रास्तच आहे.

माझा संताप त्यांनी काय लिहिले यावर नाही, काय सोडून दिले यावर आहे. अ‍ॅना केन्ड्रिकच्या पात्राचा आपोआप गर्भपात होतो. कळलेल्या गरोदरपणांपैकी साधारण दहा ते वीस टक्के असेच संपतात. प्रत्येक सोसायटीत असे झालेली बाई असते आणि बहुतेक वेळा ती ते कोणाला सांगत नाही. आपल्याकडे १९६१च्या प्रसूती लाभ कायद्यापासून नोकरदार स्त्रीला गर्भपातानंतर ६ आठवड्यांची पगारी रजा मिळत आली आहे. चित्रपट मात्र त्या मुलीला थोडा वेळ रडू देतो आणि मग तिचे दुःख प्रियकराशी पुन्हा जुळण्याच्या गोष्टीत विरघळवून टाकतो. इतक्या हास्यविनोदात हा प्रसंग घेतला याचे श्रेय द्यायचे की तो असा गुंडाळला म्हणून झोडपायचे, यावर खरे तर परीक्षणाची अर्धी जागा खर्च व्हायला हवी होती. मी वाचलेल्या परीक्षणांत त्याला एखादे वाक्य मिळाले होते. कोणता नट देखणा दिसतो, याला त्याहून अधिक.

एलिझाबेथ बँक्सचे पात्र आयुष्यभर इतर बायकांना मातृत्वाचे गोडवे ऐकवत आलेले, आणि स्वतःवर वेळ आल्यावर भर व्यासपीठावर ती बाई कबूल करते की चेहऱ्यावर तेज वगैरे काही आलेले नाही, अंग दुखते आहे आणि सगळे असह्य झाले आहे. ते भाषण ऐकताना मी मोठ्याने हसले, आणि घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या खांबांमधून, खड्ड्यांमधून, एक हात पोटाखाली धरून सोनोग्राफीला रिक्षाने जाणारी कोणतीही बाई हसेल. त्या पात्राच्या घरी पैसा आहे, शहर वेगळे आहे, पण ‘किती छान दिसतेस ग’ असे दिवसभर ऐकण्याचा वैताग अगदी तोच. चित्रपटातल्या बापांच्या टोळक्याचे विनोद मात्र पुरुष समीक्षकांना लगेच कळतात. तिथे त्यांना निरीक्षण दिसते, बायकांच्या तक्रारीत ठोकळेबाजपणा दिसतो.

याच दिरांनी ‘गुड न्यूझ’ मात्र खदाखदा हसत पाहिला होता. २०१९च्या त्या चित्रपटात वीर्याच्या नमुन्यांची अदलाबदल होते, दोन जोडप्यांच्या आयुष्याचा गोंधळ उडतो आणि तोही अगदी ठरीव विनोदांनी भरलेला आहे. तेव्हा कोणाची टक्केवारी काढली नाही, कारण पोस्टरवर अक्षय कुमार होता. उतारवयात गरोदर राहिलेल्या आईची गोष्ट सांगणाऱ्या ‘बधाई हो’ला तर घरातल्या सगळ्यांनी डोक्यावर घेतले, आणि तो चित्रपट चांगलाच आहे, पण त्यातही मुख्य अडचण आईच्या पोटाची नसून मोठ्या मुलाला वाटणाऱ्या लाजेची आहे, हे माझ्याखेरीज कोणाला खटकल्याचे स्मरत नाही.

मग मी म्हटले, ठीक आहे, हॉलिवूड नको, अंजली मेनन यांचा २०२२चा ‘वंडर विमेन’ पाहू या. प्रसूतिपूर्व वर्गात एकत्र आलेल्या गरोदर बायकांची गोष्ट आहे, आणि त्यात आपल्या अमृता सुभाष आहेत. पुन्हा फोन बाहेर निघाला, पुन्हा परीक्षणे उघडली गेली, आणि या वेळचा निर्णय असा की तो म्हणे फार उपदेश करतो. म्हणजे हसवायला गेला तर उथळ, समजवायला गेला तर उपदेशी, आणि पुरुषाची फजिती दाखवली तर सहकुटुंब पाहण्याजोगा! गरोदर बाई पडद्यावर नेमकी कशी दिसली, कशी बोलली, किती रडली म्हणजे तुमची मान्यता मिळेल, ते समीक्षकांनी आणि त्यांच्या आकड्यांवर जगणाऱ्या माझ्या नातलगांनी मला एकदाचे लेखी कळवावे. माझ्याकडे अजून दोन महिने आहेत.