कीमोच्या बाटलीतलं नंदुरबार

शनिवारी पहाटे शहाद्याहून नानांचा फोन आला. नाना म्हणजे माझे थोरले मावसभाऊ. मावशीची कीमो दोन सायकलींनंतर, म्हणजे औषधाच्या दोन फेऱ्यांनंतर, बंद केली, म्हणाले. आता सदाफुलीची पानं आणि हळद उकळून काढा चाललाय. "आपला झाडपालामा बठ्ठं शे, हाई इंग्रजी इख कसाले?" घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले. मी तासभर भांडलो, आणि फोन ठेवल्यावरही मनात भांडतच राहिलो.

मावशीला अंडाशयाचा कॅन्सर आहे. सलाईनमधून तिला दिलं जात होतं ते पॅक्लिटॅक्सेल झाडपालाच आहे! पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतलं. ती साल गोळा झाली १९६२ मध्ये, रेणूची रचना १९७१ मध्ये छापून आली, अंडाशयाच्या कॅन्सरसाठी परवानगी मिळायला १९९२ उजाडलं. हे शोधणारे दोघे: मनरो वॉल आणि मनसुख वाणी. वाणी १९२५ साली नंदुरबारला जन्मले. नानांच्या घरापासून तासाभरावर. याच जोडीने कॅन्सरवरच चालणारं कॅम्पटोथेसिनही शोधलं, जे पुढे आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही सापडलं. म्हणजे ज्या बाटलीला नाना इंग्रजी विष म्हणतात, तिच्यामागे आपल्या खान्देशचा माणूस उभा आहे. आणि तीस वर्षांची चाचणी.

सदाफुलीचंही तेच. पन्नाशीच्या दशकात कॅनडात नोबल आणि बीअर यांनी मधुमेहावर उपयोग होईल म्हणून तिचा अर्क उंदरांना पाजला. साखर हलली नाही. तोच अर्क टोचून दिला तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या, आणि त्यातून व्हिन्ब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध निघालं. त्याच झाडातलं व्हिन्क्रिस्टिन आज लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरला देतात, तेही मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून. पातेल्यात उकळलेल्या पानांत किती आहे आणि त्यातलं पोटातून रक्तात किती उतरतं, हे कोण सांगणार? मी इथे अमेरिकेत दर मे महिन्यात लोव्ज् नावाच्या दुकानातून विंकाची रोपं आणून मेलबॉक्सभोवती लावतो. तीच ही सदाफुली. तिचं पान मी मुलांना तोंडातही घालू देत नाही.

इकडे शेजारच्या बाईंची कीमो झाली तेव्हा नर्सने आधी दीड तास बसून सगळं समजावलं होतं: उलटी झाली तर काय करायचं, ताप शंभरच्या वर गेला तर रात्री कुठे फोन करायचा. चर्चने मील ट्रेन लावली, म्हणजे लोकांनी आळीपाळीने जेवण पोचवायचं; दीड महिना डबा चुकला नाही. हे मी नानांना ऐकवलं. ते गप्प झाले आणि मग सांगू लागले. पहाटे तीनला गाडी काढून नाशिक, परत येताना मावशी पिशवीत ओकत, आणि वॉर्डात विचारायला गेलं की "पुढच्या वेळी या." कोणी काही समजावलंच नाही. काढा देणारा वैद्य मात्र घरी येऊन तासभर तिचा हात धरून बसतो.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पैसे पाठवलेत, रिपोर्ट वाचलेत, पण एकाही सलाईनला तिच्याजवळ बसलेलो नाही. लहानपणी सुट्टीत तापाने फणफणलो होतो तेव्हा तीच रात्रभर उशाशी बसून होती.

वाणी सर आयुष्यभर काम करत होते ती संस्था माझ्या रोजच्या वाटेवर आहे, आय-४० हायवेवरून एका एक्झिटवर. चौदा वर्षं मी तिथून जातो. ते नंदुरबारचे हे मला २०२० मध्ये त्यांच्या निधनाच्या बातमीतून कळलं. आपल्या मातीचा एवढा मोठा माणूस इतक्या जवळ होता, आणि मी एकदाही जाऊन अहिराणीत दोन शब्द बोललो नाही. आता नानांशी भांडताना त्यांचं नाव पुढे करतो.

शेवटी नाना एवढंच म्हणाले, "आठे ये, मंग बोल."

पुढची सायकल सोळा तारखेला होती. डॉक्टरांची वेळ मी पुन्हा मागून घेतली आहे, मावशी "तू येशी तं जासू" म्हणालीय. तिकीट बघतोय.