कुकुरेयाचा हात: एका प्रतिक्रियेला उत्तर

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. युरो 2024 मधल्या स्पेन-जर्मनी उपांत्यपूर्व सामन्यावरच्या लेखात जर्मनीच्या मुसियालाचा तो फटका, जो स्पेनच्या कुकुरेयाच्या हाताला लागूनही पेनल्टी मिळाली नाही, मी 110व्या मिनिटाला टाकला होता. तो 106व्या मिनिटाचा. दुरुस्त केलं आहे, आभार.

आता तुमचं मुख्य वाक्य. "चेंडू हाताला लागला म्हणजे पेनल्टी, हे लहान पोरालाही कळतं, तुम्ही कधी मैदानात उतरलाच नसाल." 14 वर्षं शिट्टी घेऊन मैदानात उभा राहतोय, तेव्हा हे मला ऐकवू नका. मतभेद खुशाल असू द्या. पण या सुरात बोलायचं तर निदान फुटबॉलच्या नियमावलीतला नियम 12 वाचून यायचं. हाताला चेंडू लागला की दर वेळी गुन्हा होतोच असं नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलंय.

गुन्हा कधी होतो? खेळाडूने मुद्दाम हात लावला तर. किंवा हात अशा जागी असेल की अंगाचा आकार अनैसर्गिकपणे मोठा झाला, तर. खेळाडू त्या क्षणी जी हालचाल करतोय तिच्यामुळे हात तिथे येणं साहजिक होतं का, हे रेफरीने ठरवायचं असतं. तिसरं, स्वतःच्या हाताला लागून थेट गोल झाला, किंवा लागल्या लागल्या त्याच खेळाडूने गोल केला, तर चुकून लागला असला तरी गोल रद्द. 2021 पासून सहकाऱ्याच्या हाताला चुकून लागून पुढे गोल झाला तर तो चालतो. आणि 'हात' कुठून सुरू होतो? काखेच्या खालच्या टोकाच्या रेषेपासून. त्याच्या वर खांदा, तिथे लागला तर प्रश्नच नाही.

कुकुरेयाचा हात खाली होता, अंगाच्या बाजूला, मागे घेतला जात होता. रेफरी अँथनी टेलरने मैदानावर खेळ चालू ठेवला. व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या रेफरीने, मध्ये पडायला निर्णय उघडउघड चुकलेला असावा लागतो. नुसता वादग्रस्त असून भागत नाही.

त्याच स्पर्धेत डॉर्टमुंड शहरातल्या जर्मनी-डेन्मार्क सामन्यात डेन्मार्कच्या आंडरसनच्या हाताला जर्मनीच्या राउमचा क्रॉस (बाजूने गोलसमोर मारलेला चेंडू) जेमतेम शिवला होता. चेंडूतल्या सेन्सरने, जो सेकंदाला 500 नोंदी घेतो, स्पर्श दाखवला. पण सेन्सर एवढंच सांगतो की चेंडू लागला. पेनल्टी मिळाली कारण हात अंगापासून लांब पसरलेला होता, आणि ते रेफरी मायकल ऑलिव्हरने स्क्रीनवर पाहून ठरवलं. तिथे फायदा जर्मनीला झाला, तेव्हा हा नियम तुम्हाला मान्य होता की नाही?

सप्टेंबर 2024 मध्ये युएफाच्या (युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या) रेफरी समितीने कुकुरेयाविरुद्ध पेनल्टी हवी होती असं सांगितलं, ते तुम्ही हुकमाच्या पत्त्यासारखं आपटलंत. ठीक. पण त्यांचं कारण वाचा: गोलवर जाणारा फटका अडवणारा हात अंगाला अगदी लगटून नसेल, तर बहुतेक वेळा पेनल्टी द्या. ही त्यांची मार्गदर्शक सूचना. तीसुद्धा हात अंगापासून किती दूर होता तेच बघते. 'लागला म्हणजे पेनल्टी' त्यांनीही म्हटलेलं नाही, आणि माझा वाद तुमच्या त्या एका वाक्याशी आहे.

तुम्ही दिलेलं उरुग्वेच्या सुआरेझचं उदाहरण इथे गैरलागू. 2010 च्या विश्वचषकात घानाविरुद्ध त्याने गोलरेषेवर मुद्दाम हाताने चेंडू अडवला. लाल कार्डही मिळालं, पेनल्टीही.

"रेफरी विकला गेला" या ओळीला मात्र मी उत्तर देणार नाही. पुरावा नसताना माणसावर असला आरोप माझ्या पानावर राहणार नाही. उद्यापर्यंत ती ओळ तुम्ही काढा, नाहीतर मी काढतो. बाकी प्रतिक्रिया राहू दे.